‘यथाशक्ती’ हा शब्द आधी खोडून टाक

काकू,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय २७, एका पतसंस्थेत नोकरी. जत तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांचं एक वसतिगृह आहे. आईबाप कारखान्याला गेले की ही मुलं तिथं राहून शाळा शिकतात. यंदा त्यातल्या दहा मुलांसाठी शैक्षणिक पालक शोधायचं काम मी अंगावर घेतलं. एका मुलाचा वर्षाचा खर्च २४,००० रुपये. ‘यथाशक्ती मदत करावी’ अशी पत्रकं छापली आणि दोन महिने फिरले. आमच्या कॉलनीत एका डॉक्टरांच्या बंगल्याचं फाटकही उघडलं नाही, ‘आम्ही दुसरीकडे देतो’ एवढं इंटरकॉमवरून ऐकू आलं. बेदाण्याचे एक मोठे व्यापारी म्हणाले, दिवाळीनंतर या. सख्ख्या मामांनी ५०१ रुपये दिले, पण त्याआधी ‘या संस्था पैसे खातात’ यावर अर्धा तास सुनावलं. उलट आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ५०० रुपये आणून दिले. आम्ही त्यांना महिन्याला १,५०० देतो. एका शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या २३ बायकांनी तिथल्या तिथं पन्नास-पन्नास काढून माझ्या हातावर ठेवले. श्रीमंतांवरचा माझा विश्वासच उडालाय. इथून पुढं साध्या माणसांकडेच जावं का? कुणी किती दिलं याची यादी कॉलनीच्या ग्रुपवर टाकावी का? आणि मावशींचे पाचशे परत करू का? त्या पैशांनी मला झोप लागत नाही.

– एक वाचक, सांगली

काकू म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

यादीचं आधी सांगते, कारण ते तू आज रात्रीच करून बसशील. टाकू नकोस. त्या यादीनं डॉक्टरांना काही होणार नाही, ते ग्रुप म्यूट करतील. पण तुझ्या मावशी त्याच कॉलनीत आणखी दोन-तीन घरी पोळ्या करत असणार. यादीत त्यांच्या नावापुढं ५०० दिसले की पुढच्या महिन्यात त्या पगारवाढ मागतील तेव्हा कुणीतरी म्हणणारच, ‘दान करायला आहेत की तुझ्याकडे.’ तुला लाजवायचं होतं बंगल्याला, आणि मान खाली जाईल ती मावशींची.

आता ते पाचशे. मीही यात एकदा चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिरजेजवळच्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी मी एकोणीस वर्षं पैसे मागत फिरले. सुरुवातीच्या वर्षांत मिरजेच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजींनी कनवटीची शंभराची नोट काढून मला दिली. दिवसभर बसून त्यांची कमाई किती होत असेल याचा मी मनात हिशोब केला आणि नोट त्यांच्याच हातात परत कोंबली. ‘राहू दे आजी, तुमचे आशीर्वाद पुरे.’ मला वाटलं, मी फार चांगलं वागले. आजींनी नोट घेतली, पण चेहरा असा उतरला की आजही आठवतो. म्हणाल्या, ‘का? माझा पैसा खोटा हाय व्हय?’ त्यानंतर त्या मला भाजी द्यायच्या, नेहमीसारखी तोलून, थोडी वर घालून, पण बोलायच्या नाहीत. देणारी म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या आणि मी त्यांना पुन्हा घेणाऱ्यांच्या रांगेत ढकललं होतं.

म्हणून मावशींचे पाचशे परत करू नकोस. तुझी झोप तुला परत मिळेल, पण त्यांचं काहीतरी जाईल.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि नेमकं इथंच पुष्कळ लोक थांबतात. ‘गरिबाचं मन किती मोठं’ म्हणून डोळे पुसतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात जातात. तूही तेच विचारते आहेस. तू पत्रकावर ‘यथाशक्ती’ छापलंस ना? हा शब्द ऐकायला फार विनयशील वाटतो, पण त्यानं मोठा घोटाळा होतो. ज्याच्या हातात थोडं असतं तो ‘यथाशक्ती’ ऐकून आपल्या शक्तीपेक्षा जास्त देतो, कारण कमी दिलं तर लोक काय म्हणतील ही धास्ती त्यालाच असते. ज्याच्याकडे भरपूर असतं तो खिशात सहज हाताला येईल ते देतो आणि तीच आपली शक्ती असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. तुझ्या मावशींनी एका घरच्या पगाराचा तिसरा हिस्सा दिला आणि मामांनी ५०१ दिले. दोघांनीही तुझ्या पत्रकाचंच ऐकलं. रक्कम सांगायचं धाडस तुला झालं नाही, ते काम तू त्यांच्यावर टाकलंस. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. पहिली सहा-सात वर्षं मीही ‘फूल ना फुलाची पाकळी’च म्हणत होते.

आपल्याच भागात याचं फार चांगलं उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. ते मूळचे आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. किर्लोस्करांचे नांगर त्यांनी गावोगाव फिरून विकले होते, त्यामुळे दार कसं वाजवायचं हे त्यांना माहीत होतं. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी मुष्टिफंड काढला. बाईनं घरातलं धान्य काढताना रोज एक मूठ बाजूला ठेवायची आणि ते साठलेलं धान्य वसतिगृहाला जायचं. मी या मुठीचा खूप विचार केला आहे. ती मदत होतीच, पण मापही होती. कुणब्याच्या घरची मूठ आणि पाटलाच्या घरची मूठ सारखीच. मुठीपेक्षा जास्त कुणी मागत नव्हतं, त्यामुळे देणारीच्या चुलीवर त्याचा भार येत नव्हता, आणि दिल्याचा मान पुरता मिळत होता.

पण सगळी संस्था काही मुठीवर उभी राहिली नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या खात्यापित्या घरच्या होत्या, सोनं होतं म्हणूनच ते मोडता आलं. साताऱ्यात १९४० मध्ये निघालेल्या हायस्कुलाला बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचं नाव आहे. मूठ आणि तिजोरी, दोन्ही लागल्या. ज्याच्याकडे जे होतं त्याच्याकडे ते मागितलं गेलं.

तुझा हिशोब मांडून बघ. एका मुलाचे २४,००० म्हणजे पन्नास रुपये देणाऱ्या ४८० बायका. दहा मुलांसाठी ४,८००. तू फक्त साध्या माणसांकडे जायचं ठरवलंस तर बेदाण्याच्या शेडमागून शेड पालथी घालशील, बायकांच्या हातातून पन्नास-पन्नास काढशील आणि तरी मार्चअखेर पाच-सहा मुलं पालकाविना राहतील. रागापायी बंगल्यांकडे गेली नाहीस म्हणून. त्या मुलांनी तुझ्या रागाचं काय करायचं?

शेडबद्दल आणखी एक विचारते, मनाला लावून घेऊ नकोस. २३ जणींनी तिथल्या तिथं काढून दिले, असं तू कौतुकानं लिहिलंस. पहिल्या दोघी-तिघींनी मनापासून दिलेच असतील, यात मला शंका नाही. ऊसतोडीच्या पोरांचे हाल त्यांना पत्रकावरून कळावे लागत नाहीत, त्यांच्यातल्या एखादीचा भाऊ नाहीतर नणंद आजही टोळीबरोबर असेल. पण बाराव्या बाईला नाही म्हणायची सोय होती का? सगळ्या बघत होत्या, कदाचित शेडचा माणूसही उभा होता. तिच्याकडे त्या दिवशी परतीच्या रिक्षापुरतेच पन्नास असतील तर? पुढच्या वेळी जाशील तेव्हा झाकणाला चीर पाडलेला डबा ने, जेवणाच्या सुट्टीभर कोपऱ्यात ठेव आणि बाजूला हो. जिला टाकायचे ती टाकेल आणि जिला जमणार नाही तिला कुणी बघणार नाही. दहा रुपयांच्या वर टाकू नका, असं तोंडानं सांग. आणि वर्षातून एकदाच जा.

आता श्रीमंतांकडे येऊ. मी त्यांची वकिली करत नाही. ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत त्यानं द्यायलाच पाहिजे, असं माझं मत आहे आणि ते वयाबरोबर मऊ झालेलं नाही. कवडीचुंबक माणसंही भरपूर भेटतात. पण ‘श्रीमंत देत नाहीत, गरीबच देतात’ हे सरसकट खरं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, ते तसं नाही. अमेरिकेत २०१०च्या सुमारास झालेल्या काही प्रयोगांतून कमी ऐपतीची माणसं जास्त उदार, असं पुढं आलं आणि ते जगभर गाजलं. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत तसं दिसलं नाही. नेदरलँड्समधल्या एका शहरात अर्थशास्त्रज्ञांनी श्रीमंत आणि गरीब घरांत चुकून आल्यासारखी पाकिटं टाकली, आत आजोबांनी नातवाला पाठवलेल्या नोटा, बाहेरून दिसतील अशा. पाकिटं जास्त परत केली ती श्रीमंतांनी. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबांचं मन कमी पडलं असं त्यांनीही म्हटलं नाही. तंगीत असलेल्या माणसाला हातात आलेली नोट सोडणं जड जातं आणि पाकीट पोस्टात टाकायचं साधं कामही मागं पडतं, असा त्यांचा अर्थ. मला तो पटतो. काळीज कुणाचं मोठं ही मोजदाद करण्यापेक्षा कुणाला कसं मागितलं हे बघितलेलं बरं.

डॉक्टरांचं बघ. वर्षभर त्या फाटकाशी कोण उभं राहतं? गणपती, नवरात्र, शिवजयंती, जत्रा, कबड्डीचे सामने, पुस्तकं घेऊन येणारी मुलं. काही जण मागत नाहीत, दमदाटी करून घेतात. अशा घरातली माणसं इंटरकॉमवर एक ठरलेलं वाक्य बोलून मोकळी होतात. तू त्यांच्यासाठी त्या दिवशीची आणखी एक वर्गणी होतीस. त्यांच्याकडे फाटकातून जाऊच नये. त्यांचा एखादा वर्गमित्र, एखादा जुना पेशंट, त्यांच्या मुलाला शिकवणारे सर, यांच्यापैकी कुणीतरी आधी फोन करून वेळ घ्यायची आणि तू त्यांच्या सोबत जायचं. ओळखीच्या माणसासमोर बसून नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तुझ्या मावशींना तरी कुणी मागितलं? तूच, रोज ज्यांच्याशी स्वयंपाकघरात बोलतेस त्या तू. तशीच ओळख बंगल्यातही लागते.

बेदाण्याच्या व्यापाऱ्यांवर तू जास्त अन्याय केलास असं मला वाटतं. सांगली-तासगावकडे दिवाळीच्या आधी सौदे काही आठवडे बंद ठेवून झिरो पेमेंट करतात, म्हणजे मागची सगळी देणी चुकती करून वही कोरी करायची. त्या दिवसांत कोल्ड स्टोरेजमध्ये लाखोंचा माल पडलेला असतो, पण हातात रोकड नसते. ‘दिवाळीनंतर या’ ही टोलवाटोलवी असू शकते आणि शब्दशः खरीही असू शकते. ते कळायचा मार्ग एकच, दिवाळीनंतर जाणं. पाडवा झाल्यावर पहिल्या आठवड्यात जा आणि ‘तुम्ही या म्हणाला होता’ इथूनच सुरुवात कर.

आणि व्यापाऱ्याशी व्यापाऱ्याच्या भाषेत बोल. आमच्या गणपती पेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी मला तीन वर्षं हात हलवत परत पाठवलं होतं. चौथ्या वर्षी वसतिगृहाच्या वहीतला आकडा माझ्या तोंडातून सहज निघाला, महिन्याला अडीच क्विंटल गहू लागतो. ते मान वर करून म्हणाले, ‘मग असं सांगा की. कुठला गहू चालतो?’ तेव्हापासून ते गेले तोपर्यंत दर महिन्याला पाच पोती येत होती आणि आता त्यांचा मुलगा पाठवतो. तीन वर्षं मी त्यांच्यापुढं मुलींची दुःखं मांडत होते. त्यांना वजन आणि माप हवं होतं. जुन्या पेढ्यांच्या वहीत धर्मादाय असं वेगळं खातंच असायचं, काहींच्या घरी ती रीत अजून आहे. ‘तुमच्याकडे धर्मादाय काढतात का?’ असं विचारून बघ. मोठ्या कंपन्यांसारखं सीएसआरचं, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामाला द्यायच्या सक्तीचं, बोलू नकोस. तो २ टक्क्यांचा नियम कंपनी कायद्यातला आहे आणि ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींच्या घरात आहे किंवा उलाढाल, मालमत्ता त्याहून कितीतरी मोठी आहे त्यांना लागू होतो. मार्केट यार्डातल्या बहुतेक पेढ्या भागीदारीच्या नाहीतर घरच्या मालकीच्या. तिथं मालकाच्या मनावरच सगळं.

रक्कम मात्र स्पष्ट सांग. ‘एका मुलाचं वर्षाचं पालकत्व २४,००० रुपये, महिन्याला २,०००. तुम्ही दोन मुलांचं घ्यावं म्हणून मी आले आहे.’ एवढं बोल आणि मग गप्प बस. ही शांतता सहन होत नाही, लगेच ‘नाहीतर जमेल तेवढं द्या हो’ असं तोंडातून निघतं, आणि तिथंच २४,०००चे ५०१ होतात. दोन मुलांना नाही म्हणाले तर एक मूल, एकाला नाही म्हणाले तर सहा महिने. त्याच्या खाली तू आपणहून उतरू नकोस.

मामांचा मला रागही आला आणि ते बरोबरही वाटले. त्यांचा सूर वाईट होता, पण प्रश्न रास्त आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशोब आणि तुला पैसे गोळा करायला नेमल्याचं संस्थेचं पत्र, हे तीन कागद पिशवीत असल्याशिवाय फिरू नकोस. कागद दाखवायला सांगितलं तर अपमान मानू नकोस. पैसे स्वतःच्या यूपीआयवर तर कधीच घेऊ नकोस, एक रुपयासुद्धा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असू दे. नोंदणीकृत संस्थेसाठी, तिच्या पत्रानिशी मागते आहेस तोवर ठीक. चार मैत्रिणी मिळून परस्पर निधी गोळा करायला लागलात तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं कलम ४१ क खाली काढतात तीच.

देणगीवर करसवलत मिळवून देणारी, जिला ८०जीची म्हणतात ती, पावती मिळते हे सांग, पण त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत, आणि ज्यांनी नवी कररचना घेतली आहे त्यांना ती सवलत मिळतच नाही. पगारदार माणसं आता बरीचशी नव्या रचनेत गेली आहेत. त्यांच्यापुढं ‘टॅक्स वाचेल’ म्हणालीस आणि तो वाचला नाही, तर पुढच्या वर्षी ते दार बंद.

तू लिहिलंस, श्रीमंतांवरचा विश्वास उडाला. माझा अंदाज आहे की त्यात थोडं दुःख वेगळंच आहे. त्या बंगल्यांनी मुलांना नाही म्हटलं, हे खरंच. पण तुला वाटलं, त्यांनी तुला नाही म्हटलं. पतसंस्थेत टेबलापलीकडून ‘मॅडम’ म्हणणारी माणसं, आणि इथं फाटकाबाहेर उभं केलं. ते लागतंच. मलाही लागायचं. घरी येऊन मी न जेवता झोपायची. पण आपला मान आणि मुलांचे पैसे या दोन पिशव्या वेगळ्या ठेवायला मला फार उशिरा जमलं, आणि त्या मधल्या काळात रुसून किती दारांकडे मी वळलेच नाही. त्यात मुलींचं नुकसान झालं, माझं काही नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तू विशीतली असशील. आमच्या वसतिगृहात तेव्हा गावभागातली, सांगलीवाडीची कुटुंबं येऊन राहिली होती. ज्यांच्याकडून मी कधी वर्गणी घेतली होती ती माणसं आमच्या मुलींच्या पंगतीत बसून आमटीभात जेवली. काल देणारा आज घेणारा झाला आणि कुणी कुणाचे आकडे काढले नाहीत. तेव्हापासून मी ‘देणारे लोक’ आणि ‘न देणारे लोक’ अशा याद्या मनातसुद्धा ठेवत नाही.

मावशींना संस्थेची छापील पावती आणून दे, पूर्ण नावाची, आडनावासकट. पाचशे रुपयांत काय आलं ते विचारून घे आणि त्यांना सांग, अमुक इतक्या वह्या, नाहीतर एका मुलाची चप्पल आणि दप्तर. पुढच्या वर्षी त्या पुन्हा पैसे काढतील तेव्हा तू आधीच म्हण, ‘मावशी, मूठभरच हं, शंभर रुपये.’ आणि थंडीत एखाद्या रविवारी जतच्या एसटीत त्यांना सोबत ने, तिकीट तू काढ. जायच्या आधी वसतिगृहावर फोन करून एक सांगून ठेव. बाई पोळ्या करतात हे कळलं की कुणीतरी सहज त्यांना स्वयंपाकघराकडे वळवेल. तसं होऊ देऊ नका म्हणावं. बाकीचे पालक आले की त्यांना जिथं खुर्ची देतात, मुलांना पुढं बसवून नावं सांगायला लावतात, तिथंच मावशींनाही बसवा.